गटाची तीनशे ताटं



ही वेळ भाकरीची आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. मागच्या महिन्यात रेडिओवरच्या ताईंनी विचारलं, पर्यावरणावर काही बोलाल का? आम्ही म्हटलं, पर्यावरणावर मोठी माणसं बोलतात, आम्हाला भांड्यांवर बोलू द्या. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या. म्हणून आजचं बोलणं ताटवाट्यांचं.

सुरुवात मात्र गाईपासून करावी लागेल.

आमच्या गावात दोन वर्षांमागे वैशाखात एकाच तिथीला तीन लग्नं लागली. तीन मांडव, तीन पंगती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या काठाला पांढरा ढीग. थर्माकोलची ताटं, चांदीसारखी चकचकीत कागदी ताटं, प्लास्टिकचे पेले, पाण्याच्या छोट्या बाटल्या. त्याला चिकटलेली बुंदी, पुरी, वरणभात. जनावरं त्या वासावर जातातच, त्यांना काय कळतं? आठवड्याभरात आमच्या गटातल्या एका ताईंची गाय फुगली. चारा सोडला, रवंथ थांबला. डॉक्टर आले, त्यांनी करायचं ते केलं, पण गाय गेली. चार महिन्यांची गाभण होती. पोट उघडलं तेव्हा आतून दोरीसारखा वळलेला प्लास्टिकचा गोळा निघाला. डॉक्टर म्हणाले, हे काही एका लग्नाचं नाही, वर्ष-दोन वर्षांचं साठलेलं आहे. गाईला प्लास्टिक पचत नाही आणि ते पुढंही सरकत नाही. पोटातच राहतं, वाढत जातं, चाऱ्याची जागा खातं. एक दिवस जागाच उरत नाही.

ती गाय गटाच्या कर्जातून घेतलेली होती. सात हप्ते बाकी होते. पुढच्या बैठकीत त्या ताई हप्त्याचे पैसे पदराच्या गाठीतून सोडून देत होत्या आणि आम्ही सगळ्या खाली बघत होतो. कारण त्या तीन लग्नांतल्या एका लग्नाचा मांडव आमच्यातल्याच एकीच्या दारात होता, आणि ओढ्याला ढीग टाकायला गेलेल्या टोपल्यांत आमचेही हात होते. दोष द्यायला बाहेरचं कुणी नव्हतं. तिथून हा विषय आमच्या गटात आला.

आधी आम्ही ती ताटं नीट बघितली. आपण वापरतो, पण बघत नाही. थर्माकोल कुजत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. चकचकीत ताटाला मात्र आपण कागदी म्हणतो आणि कागद म्हणजे कुजणार असं धरून चालतो. ते ताट रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी वरचा पापुद्रा सोलून निघतो, तो प्लास्टिकचा असतो. चहाच्या कागदी कपालाही आतून तसाच पापुद्रा असतो, नाहीतर चहा झिरपला नसता का? आमच्या बैठकीत हे करून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे कागदाच्या अंगावर प्लास्टिकचं लुगडं!"

जाळण्याचंही तसंच. ढीग नको म्हणून माणसं काडी लावतात. थर्माकोल जळताना काळा धूर होतो, तो विषारी असतो, आणि तो घरातल्या लेकरांच्या छातीत जातो. इथे एक कबुली देतो. बंब पेटवायला, चूल धरेना झाली की आपण कॅरीबॅगचा तुकडा घालतोच. आमच्यातल्या बहुतेकींनी घातलाय. आता घालत नाही. वाळक्या तुऱ्हाट्यांनी चूल थोडी उशिरा धरते, एवढंच.

कायदाही आहे बरं का. आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली. एकदा वापरून फेकायची थर्माकोलची आणि प्लास्टिकची ताटं, वाट्या, पेले, चमचे यांवर बंदी आली. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभरात अशा बऱ्याच वस्तूंवर बंदी आली. आमच्या आठवडी बाजारात मात्र ती ताटं अजूनही मिळतात. दंडाच्या पावतीनं ओढा साफ होईल म्हणून वाट बघत बसण्यात आम्हाला काही राम वाटला नाही.

मग आठवण निघाली गावकीच्या भांड्यांची. आमच्या आजेसासवांच्या काळी मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत भांडी असायची. मोठी पातेली, पराती, घंगाळं, झारे, हंडे. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यावीत, घासून पुसून परत आणून ठेवावीत. जेवायला पळसाच्या पत्रावळी. ऐकायला छान वाटतं. पण त्याच बैठकीत एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या वस्तीला नव्हती मिळत ती." खरंच होतं. ज्यांना देवळाच्या पायरीवर येऊ देत नव्हते त्यांना देवळातलं पातेलं कोण देणार? जुन्या दिवसांचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, भांडी घ्यायची, पण गावकीची नाही, गटांची. आणि मागेल त्याला मिळतील.

तीन गट एकत्र आले. प्रत्येक गटानं ५,००० घातले आणि ४०,००० ग्रामसंघाकडून कर्ज घेतलं. तालुक्याच्या बाजारात तीन दुकानं फिरून ३०० खणांची स्टीलची ताटं घेतली, ११० रुपयाला एक. ३०० वाट्या, ३०० पेले. वाढायच्या बादल्या, डाव, जग आणि धुवायला मोठे टब. सगळे मिळून ५५,००० झाले. प्रत्येक नगावर गटाचं नाव कोरून घेतलं. दुकानदार म्हणाला, ताई, वाट्यांवर कशाला, फुकट वेळ जातो. आम्ही म्हटलं, कोराच. पुढं कळलं, हरवतात त्या वाट्याच. आणि एक ताट तर आमच्याच गटातल्या एका ताईंच्या घरी कणीक मळताना सापडलं. कोरलेलं नाव वर होतं म्हणून बरं!

पहिलं लग्न मार्गशीर्षात. साडेचारशे माणूस जेवलं. तीनशे ताटं, म्हणजे पहिली पंगत उठली की दीडशे ताटं लगेच धुऊन दुसऱ्या पंगतीला लागणार. ओढ्याला ढीग झाला नाही, सरपंच येऊन शाबासकी देऊन गेले, कुणीतरी फोटो काढले. आम्हीही नव्या साड्या नेसून मिरवत होतो.

धुतली कुणी, हे आम्ही बघितलंच नव्हतं.

धुण्याचं ठरवायचं राहून गेलं होतं. "होईल की, सगळ्या मिळून करू" असं म्हणून आम्ही तो मुद्दा सोडून दिला होता. आणि जे आपण ठरवत नाही ते आपोआप ठरतं, नेहमीच्या रीतीनं ठरतं. दुपारपासून मांडवाच्या मागं, बाभळीखाली, चार बाया उकिडव्या बसून ताटं घासत होत्या. चौघी एकाच वस्तीतल्या. त्यातल्या दोघी आमच्या गटाच्या सभासद. दिवस मावळला तेव्हा मोबाईलच्या उजेडात घासत होत्या. त्यांचं जेवण झालं रात्री साडेनऊला. त्यांना कुणी बोलावलं होतं? कुणीच नाही. आणि सगळ्यांनीच.

पुढच्या बैठकीत आम्ही फोटो घेऊन आनंदानं बसलो होतो. त्या चौघींतली एक उठली. बोलायला कधी उठत नाही ती बाई. म्हणाली, "पर्यावरण तुमचं अन् खरकटं आमचं व्हय?"

बैठकीत कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

मैत्रिणींनो, हे सांगायलाच आज आम्ही आलोय. पर्यावरणाला चांगल्या म्हणून ज्या ज्या गोष्टी आपल्याला सांगितल्या जातात, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी हातानं करावी लागते. प्लास्टिक स्वस्त वाटतं, कारण त्याला धुवावं लागत नाही. ते टाळलं की काम वाढतं. ते काम बाईकडे येतं, आणि बायांमध्येही ते ज्या बाईला नाही म्हणता येत नाही तिच्याकडे जातं. हे काम मोजलं नाही, त्याचे पैसे धरले नाहीत, वाटून घेतलं नाही, तर ती युक्ती दोन लग्नांत बंद पडते. आणि नाही पडली तर आणखीच वाईट.

त्या बैठकीत भांडणही झालं. एकजण म्हणाली, ज्यांची सवय आहे त्यांनी धुवावं, पैसे देऊ. त्यावर ती मावशी म्हणाली, सवय कुणाला आईच्या पोटातून नसते. दोन बैठका ह्यातच गेल्या. मग जे ठरलं ते सांगतो, कारण तुमच्या गावी करायचं तर हेच आधी ठरवा, ताटं नंतर घ्या.

धुण्याच्या चिठ्ठ्या काढायच्या. तिन्ही गटांतल्या सगळ्या सभासदांची नावं एका डब्यात. प्रत्येक कार्याला पाच चिठ्ठ्या निघणार. ज्यांची नावं निघाली त्या धुणार, मग त्या कुठल्याही वस्तीच्या असोत, पाटलाच्या घरच्या असोत. आजारी, बाळंतीण, सत्तरीच्या पुढच्या सोडून कुणाला सूट नाही. आमचंही नाव डब्यात आहे, आणि दुसऱ्याच कार्याला निघालं. चारशे ताटांनंतर कंबर कुठे असते ते त्या दिवशी कळलं. आणि धुण्याचे पैसे ठरलेले. एका संचाचं, म्हणजे ताट, वाटी, पेला, भाडं ३ रुपये आणि धुणावळ २ रुपये. भाडं गटाचं, धुणावळ धुणाऱ्यांची, त्याच दिवशी हातात. पाचशे माणसांच्या जेवणाला १,००० रुपये धुणावळ होते, पाचजणींना २०० प्रमाणे. अर्ध्या दिवसाला एवढे पैसे आमच्याकडे खुरपणीलाही मिळत नाहीत. आता काहीजणी स्वतःहून दुसरीची चिठ्ठी मागून घेतात. ते चालतं, फक्त देणारीनं मोकळ्या मनानं दिली पाहिजे आणि तेच तेच नाव दर वेळी निघायला नको, हे आम्ही वहीत बघतो.

ताटं न्यायची-आणायची आणि पाणी भरायचं काम कार्यवाल्या घरच्या पुरुषांचं. हे अटीत लिहिलेलं आहे. न लिहिता होत नाही, आम्ही बघितलंय.

राहिला खरकट्याचा प्रश्न. दुसऱ्याचं उष्टं उचलायचं हीच मूळ दुखरी जागा. म्हणून प्रत्येकानं आपलं ताट स्वतः उचलायचं, खरकटं बादलीत झटकायचं आणि ताट पहिल्या टबात सोडायचं असं ठरवलं. ऐकायला सोपं. पहिल्यांदा वऱ्हाडातली मंडळी रागावली. "आम्ही लग्नाला आलोय का भांडी घासायला?" मुलीकडचे घाबरले, सोयरिकीत विघ्न नको म्हणाले. लाउडस्पीकरवरून सांगून उपयोग झाला नाही. मग आमच्यातल्या एका धाकट्या वहिनीनं युक्ती काढली. हात धुवायचं पाणी तिनं मांडवाच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि वाटेत मधोमध खरकट्याची बादली आणि टब. आजूबाजूला दोरी. हात धुवायला जायचं तर टबावरूनच जावं लागतं, आणि हातात ताट असेल तर माणूस ते टाकतोच. कुणाला काही सांगावं लागलं नाही. नवरदेवाच्या आजोबांनी ताट झटकून टबात सोडलं आणि पुढं गेले, त्यांच्या मागून सगळे. उपदेशानं जे झालं नाही ते बादलीच्या जागेनं झालं.

आता खर्चाचं खरं सांगतो. फेकायचं ताट, द्रोण आणि पेला मिळून आमच्याकडे साडेचार रुपयांच्या आसपास जातात. आमचा संच पाच रुपयाला पडतो. पाचशे माणसांमागं अडीचशे रुपये आमचंच महाग. हे आम्ही लपवत नाही. तरी लोक का घेतात? एक तर दुसऱ्या दिवशी ढीग उचलावा लागत नाही, त्याला ट्रॅक्टर लागतो, माणूस लागतो. आणि स्टीलच्या ताटात जेवायला घातलं की पंगत भारदस्त दिसते, हेही आहे! मान मिळतो म्हणून कुणी ओढा वाचवत असेल तर आमची हरकत नाही. गेल्या हंगामात अकरा कार्यांत मिळून ४,९५० संच वापरले गेले. गटांना भाडं मिळालं १४,८५० आणि धुणाऱ्या बायांना ९,९००. कर्ज फिटायला अजून वेळ आहे. हा झटपट पैशाचा धंदा नाही, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पाण्याचं बोलायला हवं, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणी मघापासून मनात तेच म्हणत असतील. आमचा भाग दुष्काळी. चैत्र-वैशाखात टँकर येतो. पिण्याला पाणी नाही आणि तुम्ही ताटं धुता? प्रश्न बरोबर आहे. पहिल्या लग्नात आम्ही हजार लिटरची टाकी रिकामी केली होती. पाइप सोडून धुतलं की पाणी कुठं जातं कळत नाही. आता पाइप बंद, तीन टब. खरकटं कोरडंच झटकलेलं असतं, त्यामुळे निम्मं काम तिथंच होतं. पहिल्या टबात भिजवायचं, बाहेर काढून घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात स्वच्छ पाण्यातून काढायचं. पहिल्या टबाचं पाणी घाण झालं की ते ओतून द्यायचं, दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात. आम्ही बादल्या मोजल्या. तीनशे संचांना २० लिटरच्या १८ बादल्या लागल्या. शेवटी ताटं उन्हात पालथी न घालता उभी लावायची, म्हणजे पाणी निथळतं आणि ऊन दोन्ही बाजूंनी लागतं.

घासायला राख. लाकडाची, चाळणीनं चाळलेली, नाहीतर खडे लागून ताटाला ओरखडे पडतात. दगडी कोळशाची राख नको आणि ज्या चुलीत प्लास्टिक जाळलंय तिची तर नकोच. तेलकट वांग्याच्या भाजीला नुसती राख पुरत नाही, तिथं गरम पाणी आणि थोडी भांड्याची पावडर लागते, उगाच सोवळेपणा करत नाही. पावडर घातलेलं पाणी भाजीपाल्याला सोडत नाही. ते शोषखड्ड्याकडे जातं, त्याच्या कडेला केळी आणि कर्दळ लावलीय.

खरकट्याबद्दल एक सूचना, ही जनावरं असणाऱ्यांनी जरा लक्ष देऊन ऐका. प्लास्टिक नसलेलं खरकटं म्हणून एकाच गाईपुढं घमेलंभर भात, पुरी, बुंदी ओतू नका. एवढा पिठूळ माल एकदम पोटात गेला तर आंबतो, अपचन होतं आणि तेही जिवावर बेततं. थोडं थोडं पुष्कळ जनावरांना, चाऱ्यात मिसळून, आणि त्याच दिवशी. बाकीचं खताच्या खड्ड्यात.

आणि ज्या आठवड्यात टँकरच उशिरा येतो त्या आठवड्यात आम्ही ताटं देतच नाही. पत्रावळी घ्या म्हणतो. पळसाला फाल्गुनात फुलं येतात तेव्हा झाड बोडकं असतं, पुढं चैत्र-वैशाखात नवी पालवी येते. पान चांगलं रुंद झालं की तोडायचं. फार कोवळं घेतलं तर वाळून आकसतं. एका फांदीची सगळी पानं ओरबाडायची नाहीत, झाड पुन्हा फुटलं पाहिजे. आमच्या गावात पत्रावळी लावणाऱ्या आता तीनच आज्या उरल्यात. त्यातल्या एकींकडे आम्ही सहाजणी चार दुपारी बसलो. पान हातात कसं धरायचं, चोय कुठून टोचायची, देठ कुठल्या बाजूला. आमची पहिली पत्रावळ आजींनी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "यातनं वरण नवरीच्या अंगावर जाईल." लावलेल्या पत्रावळी एकावर एक ठेवून वर दगड ठेवायचा, म्हणजे सपाट वाळतात. वापरायच्या आधी पाण्याचा हबका मारायचा. दोन रुपयाला एक विकतो, त्यातला दीड रुपया लावणारीचा. जेवणानंतर सगळं खड्ड्यात, वर शेणकाला आणि माती. पाऊस लागला की कुजून खत होतं.

बाटल्या अजून पूर्ण गेल्या नाहीत, हेही सांगतो. रांजण भरून ठेवले, जग दिले, तरी वरपक्षाला बाटलीच लागते. तिथं आम्ही अजून हरतो.

लोक विचारतात, ताटांनंतर पुढं काय? दोन गोष्टी सांगतो, एक केलेली आणि एक न केलेली.

केलेली म्हणजे संक्रांतीचं वाण. वर्षानुवर्षं आपण एकमेकींना प्लास्टिकची चाळणी, प्लास्टिकची डबी लुटत आलोय. प्रत्येकीच्या फडताळात अशा वीस-वीस डब्या आहेत, झाकणं एकाही डबीला बसत नाहीत. गेल्या संक्रांतीला आम्ही बियाणं लुटलं. दोडका, भोपळा, घेवडा, घरात राखलेलं गावरान बी, जुन्या साडीच्या चिमुकल्या पिशवीत. ही कल्पना काही आमच्या डोक्यातली नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरातलं गावठी बी जमवून बियाणे बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुम्ही ऐकलंच असेल. शाळेत न गेलेल्या बाईनं हे केलं. आमच्या वाणाला काही जास्तीचं काम लागलं नाही, पैसे वाचले, आणि पावसाळ्यात कुणाचा दोडका किती लांब झाला ह्यावर दोन महिने गप्पा झाल्या. एकीचा भोपळा निघालाच नाही, ती अजून आम्हाला बोलते.

न केलेली म्हणजे कापडी पॅड. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की सगळ्या सभासदांना कापडी पॅडवर आणा. विकतच्या पॅडमध्ये प्लास्टिक असतं, ते खरंच आहे. ज्यांच्या घरी न्हाणी आहे, पाणी आहे, उन्हात वाळत घालायला आडोसा आहे, त्यांनी कापडी जरूर वापरावं, आमच्यातल्या काहीजणी वापरतात. पण आमच्या गटातल्या अर्ध्या बाया दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. फडाकडेच्या कोपीत राहायचं, अंधारात उठून कोयता घ्यायचा, डोक्यावर मोळ्या वाहायच्या. तिथं धुवायला पाणी कुठलं आणि उन्हात वाळवायला जागा कुठली? ओलं कापड अंगाला लागून जखमा होतात, आजार होतात. त्या बाईला ओढ्याच्या नावानं आणखी एक काम आणि आणखी एक लाज द्यायची आमची तयारी नाही. आम्ही प्रशिक्षणात तसं सांगितलं. त्यांना फारसं आवडलं नाही. आधी फडावर पाणी आणि आडोसा द्या, मग कापडाचं बोलू, असं आमचं म्हणणं अजूनही आहे.

आता शेवटचं. चैत्रात आमच्या गावचा हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस अन्नदान, काल्याला तर पंचक्रोशी जेवते. गावातला सगळ्यात मोठा ढीग लग्नांचा नसतो, सप्त्याचा असतो. तिथल्या कमिटीत सगळे पुरुष. गेल्या महिन्यात आम्ही अर्ज घेऊन गेलो, ताटं आमची वापरा, भाडंसुद्धा घेत नाही, देवाचं काम आहे. अध्यक्ष म्हणाले, कल्पना उत्तम आहे, आमचा पाठिंबा आहे, पण धुणार कोण? आणि आमच्याकडे बघून हसले.

आम्ही डबा सोबतच नेला होता. त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, चिठ्ठ्या कोऱ्या आहेत, कमिटीतल्यांनी आपापली नावं लिहून टाकावीत, अध्यक्षांपासून सुरुवात करू. सात दिवस, रोज पाच नावं. घासायचं कसं ते आम्ही शिकवू. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग टाळकऱ्यांतला एक तरुण पोरगा पुढं आला आणि त्यानं आपलं नाव लिहिलं. त्याच्या मागं आणखी चौघांनी. अध्यक्षांनी डबा ठेवून घेतला, विचार करून सांगतो म्हणाले.

डबा अजून त्यांच्याकडेच आहे. आत किती चिठ्ठ्या झाल्या ते सप्ताह झाल्यावर इथेच येऊन सांगू. तोवर ज्यांना ताटं हवी असतील त्यांनी तिथीच्या पंधरा दिवस आधी कळवा, ज्येष्ठातल्या तीन तारखा गेल्या आहेत. नमस्कार.